इंग्रजीचं सोवळं

इंग्रजीवरून आपल्याकडं भांडण होतं ते दोन बाजूंनी. एका बाजूला मायबोली वाचवा म्हणणारे. त्यांचं भाषण ऐकलं की मी आधी चौकशी करतो, वक्त्याचा नातू कुठल्या शाळेत जातो? दुसऱ्या बाजूला आपलेच लोक, इंग्रजी आली की जात गेली म्हणणारे. इंग्रजी शिकवायची की नाही, कितवीपासून शिकवायची, यावर दोन्हीकडून रान पेटतं. ती वर्गात शिकवतात कशी, यावर मात्र दोन्ही बाजू गप्प. माझं म्हणणं एवढंच आहे की जात नेमकी तिथं दडून बसलीय. पुस्तकातल्या धड्यात नाही, माध्यमात नाही, शिकवण्याच्या रीतीत.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो आणि कविता लिहितो. इंग्रजीचा पदवीधर नाही. दहावीपर्यंत मराठी शाळेत, पुढचं सगळं वाचन पाळी सुटल्यावरचं. तेव्हा हे विद्वानाचं मत म्हणून वाचू नका, गिऱ्हाइकाचं मत म्हणून वाचा. दहा वर्षं हा माल आमच्या पदरात घातला गेला.

इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर. तेच निबंधमालेतून जोतीराव फुल्यांवर तुटून पडले होते. म्हणजे दूध चांगलं, यावर त्यांचा वाद नव्हता. वाटी कुणाच्या हातात, हा वाद होता. मेकॉलेनं फेब्रुवारी १८३५ च्या आपल्या टिपणात स्वच्छच लिहिलं होतं की सगळ्या रयतेला शिकवणं सरकारला झेपणारं नाही, मधला एक वर्ग तयार करायचा. वरच्यांना शिकवा, ज्ञान खाली झिरपेल. झिरपण्याचा आपला अनुभव काय आहे? चवदार तळ्याचं पाणी झिरपत झिरपत आपल्यापर्यंत आलं नव्हतं. २० मार्च १९२७ ला जाऊन ते ओंजळीनं घ्यावं लागलं.

जोतीरावांनी हे झिरपणं १८८२ मध्येच ओळखलं होतं. हंटर कमिशनपुढं त्यांनी सांगितलं की सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च होतो वरच्या वर्गांवर. त्याच्याही आधी, १८५४ च्या ‘काव्यफुले’त, सावित्रीबाईंनी शूद्र-अतिशूद्रांना इंग्रजी शिकायला सांगणाऱ्या कविता लिहिल्या. तेव्हा इंग्रजी हवी हा आपला जुना निकाल आहे. त्यावर पुन्हा मतदान नको. प्रश्न पुढचा आहे.

आता वर्गात चला. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आली. माझी पिढी त्यातलीच. तास कसा चालायचा? मास्तर इंग्रजी वाक्य वाचणार, मराठी अर्थ सांगणार, फळ्यावर प्रश्नोत्तरं लिहिणार. आम्ही ती वहीत उतरवणार, घोकणार, परीक्षेत ओकणार. ज्याला परवडतं त्याच्याकडं गाईड, त्याहून पुढं क्लास. दहा वर्षांत वर्गातल्या किती पोरांनी स्वतःच्या मनातलं एक वाक्य इंग्रजीत उच्चारलं? बोटावर मोजा, बोटं उरतील. एखाद्यानं तोंड उघडलंच आणि ‘स्कूल’चं ‘इस्कूल’ झालं, की अख्खा वर्ग खिदळणार, मास्तरसकट. त्या दिवशी त्या पोराचं तोंड बंद होतं ते कायमचं. मग म्हणायला मोकळे, ह्यांना इंग्रजी जमत नाही.

मित्रांनो, ही रीत ओळखीची वाटत नाही? अर्थ कळो न कळो, पाठ म्हण. उच्चार चुकला तर पाप. प्रश्न विचारायचा नाही. जाणणारा एक, बाकीचे ऐकणारे. ही वेदपाठशाळेची रीत आहे. फरक इतकाच, तिथं आपल्याला दारातच अडवायचे. बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत हवं होतं, मिळालं नाही, पर्शियन घ्यावं लागलं. इंग्रजीला मात्र दारात अडवत नाहीत. आत घेतात, दहा वर्षं बसवतात आणि रिकाम्या हातानं बाहेर पाठवतात. वर शिक्का मारून देतात, नापास. दारात अडवलेला माणूस निदान व्यवस्थेला शिव्या देतो. हा स्वतःच्या डोक्याला दोष देत घरी जातो. नवं सोवळं जास्त पक्कं आहे ते यासाठी.

परीक्षेतल्या व्याकरणाच्या प्रश्नाचं नाव बघा, ‘डू ॲज डायरेक्टेड’. हुकुमाप्रमाणे कर. कर्तरीचं कर्मणी कर, प्रश्नार्थकाचं होकारार्थी कर. कशासाठी, ते विचारू नको. पुढं प्रश्नपत्रिकेला कृतिपत्रिका हे नाव आलं. नाव नवं, हुकूम तोच. खरं तर हाच कर्मणी प्रयोग आपल्या पोरांना दारूगोळ्यासारखा शिकवता येईल. ‘दलित तरुणाला मारहाण करण्यात आली’, ही पेपरातली ओळ फळ्यावर लिहा आणि विचारा, मारणारा कुठं गेला? कर्मणी प्रयोगानं त्याला लपवला. आता वाक्य कर्तरीत फिरवा, इंग्रजीत फिरवा. ते फिरवायला मारणाऱ्याचं नाव लागतं. ते शोधता शोधता वर्ग जागा होईल. भाषा म्हणजे काय, हे पोरांना एका तासात कळेल. पण हे शिकवणार कोण?

इथं मास्तराला एकट्याला फाशी द्यायची नाही. तोही असाच शिकून आलाय. झेडपीच्या शाळेत एका मास्तराकडं दोन-दोन वर्ग असतात, शिवाय जनगणना त्याच्याच गळ्यात, निवडणूकही त्याच्याच. ज्याला स्वतःला कुणी इंग्रजीत बोलू दिलं नाही, तो दुसऱ्याला काय बोलू देणार?

मग आपले आईबाप दुसरी वाट धरतात. ओव्हरटाइम करून, कर्ज काढून वस्तीतल्या इंग्लिश मीडियमला पोर घालतात. मी त्यांना हसणार नाही. हसणाऱ्यांनी आधी आपली पोरं झेडपीत घालावीत. पण तिथलं काय? बऱ्याच ठिकाणी टाय असतो, बूट असतात, आणि इंग्रजीत बोल नाहीतर दंड, हा नियम असतो. घोकंपट्टी तीच, आता सगळेच विषय घोकायचे. घरी आई अभ्यास घ्यायला बसली तर तिला पुस्तकातलं एक अक्षर लागत नाही. जरा बऱ्या शाळांचं दार २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं पाव उघडलं, पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांना. तर फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला ह्या जागांतून सूट. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. पाव दारसुद्धा डोळ्यांत खुपतं, हे ध्यानात ठेवा.

कॉलेजात गेलं तर तमाशा आणखी रंगतो. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ या पुस्तकात दाखवलंय की इंग्रजी साहित्य हा अभ्यासाचा विषय इंग्लंडच्याही आधी हिंदुस्थानात मांडला गेला, आणि त्यामागं राज्य टिकवायचा हिशेब होता. साहेब गेला, हिशेब राहिला. आता त्यात आपलीही भर पडली. १९९२ मध्ये अर्जुन डांगळे यांच्या संपादनाखाली ‘पॉयझन्ड ब्रेड’ निघालं, आपल्या मराठी दलित साहित्याचा इंग्रजी संग्रह. बंधुमाधवांच्या कथेवरून त्याचं नाव. पुढं २००७ मध्ये दिलीप चित्र्यांनी केलेला ढसाळांचा अनुवाद पुस्तकरूपानं आला, २०१५ मध्ये जेरी पिंटोंनी ‘बलुतं’ इंग्रजीत नेलं. ही कामं मोठी आहेत, आपला आवाज त्यांनी जगात पोचवला. वांधा पुढं आहे. हेच लेखन अभ्यासक्रमात ‘दलित लिटरेचर’ म्हणून येतं, तेव्हा त्याच्याही नोट्स निघतात. कामाठीपुऱ्याच्या जाळात भाजलेला शब्द पाच मार्कांच्या टिपेत थंड होतो. ज्याच्या बापानं ते जगलंय तो पोरगा शेवटच्या बाकावर बसून ते इंग्रजीत पाठ करतो. तुझ्या घरी काय होतं ते सांग, असं त्याला कुणी विचारत नाही. बलुतं कागदावर आलं, वर्गातली बसायची रांग बदलली नाही.

ह्या सगळ्याला कंटाळून आपल्यातल्या काहींनी भलताच उपाय काढला. उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरी जिल्ह्यातल्या बांका गावात २०१० मध्ये इंग्रजी देवीच्या मंदिराचा घाट घातला गेला. कल्पना चंद्रभान प्रसाद यांची. मूर्ती न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या धर्तीवरची, हातात लेखणी, पायाखाली संगणक. प्रशासनानं बांधकाम थांबवलं. दलितांची देवी म्हटल्यावर नियम आठवतात, हे नवीन नाही. पोरांना इंग्रजी मिळावी ही त्या माणसांची तळमळही खोटी नाही. पण मला ते पटत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण देव उतरवून ठेवले, ते काय नवी देवी बसवायला? देवीला नवस बोलतात, तिच्याशी कुणी बोलत नाही. शाळेनं इंग्रजीला आधीच गाभाऱ्यात नेऊन ठेवलंय. तिला बाहेर काढायचं तर आपणच घंटा कशी वाजवणार?

मग भाषा येते कशी? आमच्या खात्यात या. ब्लोरूम, कार्डिंग, स्पिंडल, बॉबिन, डॉफिंग. अंगठा उठवणाऱ्या बाईलाही हे शब्द येतात. कुणी घोकून घेतले नाहीत. हातात बॉबिन आली, मागून शब्द आला. उच्चार आमचा, आणि त्यावाचून मशीन अडलं नाही. हीच गोष्ट शाळेत करून बघितलेला माणूस आहे, एन. एस. प्रभू. १९७९ ते १९८४ ह्या काळात दक्षिणेतल्या शाळांत त्यांनी प्रयोग केला, बंगळूर प्रकल्प म्हणून तो ओळखला जातो. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवले. पोरांपुढं रेल्वेचं वेळापत्रक ठेवलं, नकाशा ठेवला आणि कोडं सोडवायला दिलं. ही गाडी चुकली तर पुढची कोणती? पोरांचं डोकं गाडीत गुंतलं, इंग्रजी मागून आली. अशी पद्धत आपल्या देशात, आपल्याच शाळांत करून झालीय. आपल्या वस्तीच्या शाळेपर्यंत ती का आली नाही, हा प्रश्न शिक्षणाधिकाऱ्याला विचारण्यासारखा आहे.

पण नुसत्या खात्यातल्या इंग्रजीवर समाधान मानायचं नाही. बॉबिन कळली, वाक्य कुठं कळलं? सुटे शब्द हुकूम झेलायला पुरतात, हुकुमाला उत्तर द्यायला पुरत नाहीत. घटनेचं ३४८ वं कलम बघा. संसद दुसरा कायदा करत नाही तोवर सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत. कामगाराची केस लेबर कोर्टातून वर गेली की त्याचीच गोष्ट त्याला वकिलाकडून ऐकावी लागते. आपलं दुःख दुसऱ्यानं वाचून दाखवायचं, ही जुनी पोथीची रीत झाली.

आणि बाबासाहेब? आपला अर्धाअधिक वारसा इंग्रजीत आहे. १९३६ चं ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ इंग्रजीत, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मूळ इंग्रजीत. त्याच माणसानं १९२० मध्ये ‘मूकनायक’ आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ मराठीत काढलं. राज्यकर्त्यांशी आणि जगाशी इंग्रजीत भांडायचं, आपल्या माणसांना मराठीत जागं करायचं. दोन्ही हात चालवायचे. आणि त्यांची इंग्रजी कुठल्या कॉन्व्हेंटात घडली नाही. रामजी सुभेदारांनी लेकाकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली. मराठी वाक्य घे, तूच इंग्रजी कर. भाषांतर वाईट नव्हे. ते पोराच्या हातून काढून मास्तरानं फळ्यावर लिहून दिलं, तिथं ते मेलं.

मूळ वाचता न येण्याची किंमत काय, त्याचा एक दाखला देतो. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ ही घोषणा आपण भिंतीभिंतीवर रंगवतो. जुलै १९४२ च्या नागपूरच्या इंग्रजी भाषणात बाबासाहेबांचा क्रम वेगळा आहे. एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइज. चेतवणं आधी, संघटन नंतर. ॲजिटेट म्हणजे नुसता मोर्चा नव्हे, आधी मन ढवळून काढणं. आता कुठला क्रम बरोबर यावर भांडा, जरूर भांडा. पण त्यासाठी मूळ पान आपल्याला वाचता यायला पाहिजे. नाहीतर आपला बाप काय म्हणाला, हे मधल्या माणसालाच विचारत बसा.

म्हणून सांगतो, मोर्चा काढाल तेव्हा काढा, शाळेकडं मागायचं ते मागा. मराठी पक्की करून मागा आणि इंग्रजी बोलती करून मागा. तोवर विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ काढा. महाराष्ट्र शासनानं १९७९ पासून बाबासाहेबांचे इंग्रजी खंड काढलेत, त्यातलं एक पान घ्या. आळीपाळीनं मोठ्यानं वाचा. अर्थ कुणी सांगायचा नाही, सगळ्यांनी मिळून काढायचा, आपल्या घरच्या बोलीत. मग त्याच पानावर प्रत्येकानं एक इंग्रजी वाक्य स्वतःचं बोलायचं. नियम एकच, उच्चाराला हसणाऱ्यानं त्या दिवशी सगळ्यांचा चहा पाजायचा. ‘इस्कूल’ म्हणणाऱ्याला पुढं बसवा. बोलायला सुरुवात त्याच्यापासून करा.