सर्पगंधेवरचा एक जुना निबंध

पवनारजवळच्या सेवाग्रामात राहणाऱ्या गांधीजींचा रक्तदाब १९ फेब्रुवारी १९४० रोजी २२०/११० भरल्याची नोंद आहे. तेव्हा त्यावर भरवशाचे औषध नव्हते. म्हणूनच मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांचा १९४९ सालचा 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मधील निबंध आम्ही मोलाचा मानतो. ५० रुग्णांना सर्पगंधेच्या मुळाच्या गोळ्या देऊन त्यांनी दाब मोजला व तो उतरल्याचे आकड्यांनी दाखवले. नुसत्या परंपरेच्या हवाल्यावर ते थांबले नाहीत.

उणीव मात्र मोठी आहे. बिनऔषधी गोळी घेणारा तुलनेचा गट त्यात नाही. वारंवार मोजल्यानेही दाब काहीसा उतरतो. मग औषधाचा वाटा किती धरायचा? १९५२ साली सर्पगंधेतून रेसर्पिन वेगळे काढले गेले, वापर वाढला आणि काही रुग्णांत खिन्नता दिसू लागली.

निबंधाचा दाखला देऊन 'वनस्पतीच ती, अपाय कसला?' म्हणणारे हा पुढचा भाग सांगत नाहीत. प्रत्येक मुळात रेसर्पिनचे प्रमाण सारखे नसते. डॉक्टरांच्या गोळीवर, त्यांना न सांगता, चूर्णाची भर घातली तर दाब फार खाली जाऊन चक्कर येऊ शकते. गोळी मनानेच बंद केली तर तो पुन्हा चढतो, आणि बहुधा काही जाणवतही नाही.