‘द माइंड्स ऑफ बिली मिलिगन’ : बहुव्यक्तिमत्त्वाचे निवेदन आणि कायदेशीर उत्तरदायित्व

डॅनियल कीज यांचे ‘द माइंड्स ऑफ बिली मिलिगन’ हे चरित्रात्मक पुस्तक १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. ओहायो राज्य विद्यापीठाच्या परिसरातून स्त्रियांचे अपहरण, लूट व बलात्कार या आरोपांखाली मिलिगनला १९७७ मध्ये अटक झाली. डिसेंबर १९७८ मध्ये न्यायालयाने मनोविकलतेच्या आधारे त्याला निर्दोष ठरवून त्याची रवानगी मनोरुग्णालयात केली. बहुव्यक्तिमत्त्वाचा बचाव गंभीर गुन्ह्यात मान्य झाल्याचे हे बहुचर्चित उदाहरण होय. कीज यांच्या निवेदनपद्धतीचा उत्तरदायित्वाच्या प्रश्नाशी असलेला संबंध येथे तपासावयाचा आहे.

पुस्तकाच्या आरंभीच चोवीस व्यक्तिमत्त्वांची यादी येते. वाचक त्यांना कादंबरीतील स्वतंत्र पात्रांप्रमाणे ओळखू लागतो. लूट एका युगोस्लाव्ह पुरुष-व्यक्तिमत्त्वाने केली, बलात्कार अडलाना या स्त्री-व्यक्तिमत्त्वाने केला, असे सांगितले जाते. वाक्यातील कर्ता बदलताच बिलीचे उत्तरदायित्व आपोआप नाहीसे होते. जो निर्णय पुराव्याने व्हावयाचा, तो निवेदनाच्या व्याकरणानेच होऊन जातो.

येथेच पुस्तकातील मूलभूत विसंगती उघड होते. १८४३ च्या मॅक्नॉटन प्रकरणानंतर रूढ झालेली कसोटी आरोपीला कृत्याचे स्वरूप व त्याची अनुचितता कळत होती काय, असे विचारते. भारतीय दंड संहितेचे कलम ८४ आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २२ यांचाही गाभा हाच आहे. व्यक्तिमत्त्वे खरोखर स्वतंत्र मानली, तर कृत्य करणाऱ्या व्यक्तिमत्त्वाला आपण काय करीत आहोत याची जाण होती. मग या कसोटीवर बचाव टिकत नाही. ती एकाच विदीर्ण मनाचे अंश मानली, तर बचावाला आधार मिळतो. परंतु मग त्यांना पूर्ण माणसे म्हणून रंगविणारी कीज यांची पद्धत दिशाभूल करणारी ठरते.

बालपणीच्या छळाचे चित्रण आणि उपचारांतील अडचणींची नोंद हे या पुस्तकाचे निर्विवाद सामर्थ्य आहे. तथापि, कथनाचा मुख्य स्रोत ‘टीचर’ हे एकात्म व्यक्तिमत्त्व, म्हणजे अखेर आरोपी स्वतःच आहे. पीडित स्त्रिया मात्र निवेदनाच्या परिघावरच राहतात. एका शरीरातील चोवीस आवाजांना स्थान देणाऱ्या या पुस्तकात त्यांचा आवाज क्षीण राहावा, ही केवळ कलात्मक उणीव नसून नैतिक उणीव आहे.