श्राव्य ग्रंथ आणि स्पर्शलेखन : ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न

ग्रंथ ध्वनिमुद्रित केला म्हणजे तो दृष्टिहीन वाचकाच्या हाती पडला, असा समज अलीकडे रूढ झाला आहे. भाषाशास्त्रदृष्ट्या तो अपुरा होय. ऐकणारास ग्रंथाचा आशय मिळतो, लेखन मिळत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतील भेद प्रचलित मराठी उच्चारात जवळजवळ लोपला असून केवळ लेखनात उरला आहे. ज्याने हे शब्द आयुष्यभर कानांनीच ग्रहण केले, त्याच्याकडून परीक्षेत शुद्धलेखनाची अपेक्षा धरणे न्याय्य कसे ठरावे?

१९५१ साली निश्चित झालेल्या भारती ब्रेलमध्ये हा भेद बोटांस कळतो. ऱ्हस्व ‘इ’ दुसऱ्या व चौथ्या, तर दीर्घ ‘ई’ तिसऱ्या व पाचव्या बिंदूंनी दर्शविली जाते. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८ साली निघाले, त्याचे महत्त्व या दृष्टीनेही मोठे आहे. उलटपक्षी, ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ हे ‘जगणे’चे आज्ञार्थी रूप यांतील उच्चारभेद कान टिपतो, देवनागरी आणि ब्रेल दोन्ही त्याविषयी मूक आहेत.

ग्रंथ मुळात छापील असेल तर ध्वनिमुद्रितावरून लेखन करण्याचा खटाटोप व्यर्थ होय; मूळ प्रतीवरूनच ब्रेल करावे. १९५७च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने त्यास वाटही मोकळी करून दिली आहे. खरी अडचण मुळातच मौखिक असलेल्या सामग्रीची. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथील चराईबंदी, पाण्याचा ताळेबंद, ग्रामसभा यांची माहिती श्री. पोपटराव पवार यांच्या व्याख्यानांतून सर्वदूर गेली. अशा व्याख्यानाचे लेखन करताना ‘कामं’, ‘झाडं’ ही बोलीतील रूपे ठेवावीत की ‘कामे’, ‘झाडे’ लिहावे? खुद्द गावाचे नावही बोलताना ‘हिवरं’ होऊ शकते. १९६२च्या लेखननियमांनी एकारान्त रूप प्रमाण मानले खरे. परंतु वक्त्याचा स्वर हाच जेथे आशयाचा भाग आहे, तेथे सरसकट प्रमाणीकरण म्हणजे वाचकावर केलेला दुसरा अन्यायच. ‘कामं’ तसेच राहू द्यावे, ग्रामनाम मात्र अधिकृत लिहावे. यंत्राने केलेल्या लिप्यंतरात हा विवेक बहुधा आढळत नाही. ऐकू आलेल्या ‘दीन’चे ‘दिन’ त्याने केले, तर डोळस वाचक संदर्भाने आणि पूर्वीच्या वाचनाच्या आठवणीने चूक सावरून घेतो. ज्याची शब्दाशी पहिलीच लेखी ओळख त्या पानावर होत आहे, तो ती चूकच शिकतो. सबब ब्रेलमुद्रणापूर्वी अशी प्रत शुद्धलेखनाच्या जाणकाराने मूळ ध्वनीशी ताडून पाहिलेली असावी.