‘कॉन्स्ट’ : अधिकार आणि वसतिस्थान

‘स्थिर चल’ ही संज्ञा वरकरणी वदतोव्याघाताचे उदाहरण वाटते. ‘सी’ ह्या संगणकभाषेत मात्र तिला निश्चित स्थान आहे. चलाच्या घोषणेत ‘कॉन्स्ट’ हा शब्द योजिला की त्याचे मूल्य अचल होते आणि कंपायलर ते वाचनमात्र स्मृतीत नेऊन ठेवतो, असा समज अभ्यासकांत आढळतो. ह्या समजात दोन भिन्न गोष्टींची गल्लत झाली आहे. मूल्य बदलण्याचा अधिकार ही एक, आणि मूल्याचे वसतिस्थान ही दुसरी. ‘कॉन्स्ट’ केवळ पहिलीविषयी बोलतो.

ह्या गल्लतीचे मूळ काही अंशी नामकरणात आहे. बेल प्रयोगशाळेत ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रप यांनी १९८१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा तिचे नाव ‘रीडओन्ली’, म्हणजे ‘वाचनमात्र’, असे होते. तेथील सी-भाषेच्या गटाने कल्पना उचलून धरली, परंतु नाव ‘कॉन्स्ट’ असावे असे सुचविले. पुढे १९८९ च्या अमेरिकन मानकाने तो शब्द सी भाषेत कायम केला. ‘वाचनमात्र’ हा शब्द वाचणाऱ्याची मर्यादा सांगतो, तर ‘स्थिर’ हा वस्तूचा स्वभाव सांगतो. वास्तविक पहिलाच अर्थ अभिप्रेत होता. यंत्राच्या स्थितिदर्शक नोंदीसाठी ‘कॉन्स्ट’ आणि ‘व्होलाटाइल’ हे दोन्ही शब्द एकत्र योजता येतात, ते ह्यामुळेच. तेथे आज्ञावली लिहू शकत नाही, पण मूल्य आपोआप बदलत राहते.

स्थानाविषयी मानक केवळ मुभा देते. सक्ती करीत नाही. लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर फलनाबाहेर घोषित केलेले स्थिर कोष्टक सामान्यतः ‘रोडेटा’ ह्या विभागात ठेवतो. त्या विभागाची पाने वाचनापुरतीच खुली असल्याने तेथे लिहू पाहणारी आज्ञावली बंद पाडली जाते. फलनातील साधा स्थिर चल मात्र स्टॅकवर राहतो, किंवा त्याचे मूल्य थेट यंत्रसूचनेत सामावून गेल्याने त्याला स्मृतीत जागाच लागत नाही. स्मृतीत कोठेही बसविता येणाऱ्या आज्ञावलीतील पत्त्यांच्या स्थिर कोष्टकाची गत आणखी निराळी आहे. त्यातील पत्ते आज्ञावली स्मृतीत चढविताना भरावे लागतात. म्हणून त्याच्यासाठी एक स्वतंत्र विभाग असतो. तो आधी लिहिला जातो व सामान्यतः त्यानंतर कुलूपबंद होतो. तात्पर्य, एकाच शब्दाची वसतिस्थाने अनेक.

लहान नियंत्रकांवर हा भेद विशेष महाग पडतो. एटीमेगा ३२८पी ह्या नियंत्रकात ३२ किलोबाइट फ्लॅश व अवघी २ किलोबाइट रॅम आहे. त्यावर २५६ द्विबाइट अंकांचे स्थिर कोष्टक केवळ ‘कॉन्स्ट’ म्हणून घोषित केले आणि ते चालू आज्ञावलीला लागत असले, तर आरंभीच ते फ्लॅशमधून रॅममध्ये उतरविले जाते. ५१२ बाइट, म्हणजे रॅमचा चौथा हिस्सा, कधीही न बदलणाऱ्या अंकांसाठी खर्ची पडतो.

हा कंपायलरचा आळस आहे, असा आक्षेप घेता येईल. पण तो टिकणारा नाही. ह्या नियंत्रकात फ्लॅश व रॅम यांचे पत्ते स्वतंत्र असून दोहोंतून वाचण्याच्या यंत्रसूचनाही भिन्न आहेत. ‘कॉन्स्ट’ अक्षरांकडे निर्देश करणारा पॉइंटर रॅममधील बदलत्या अक्षरांकडेही निर्देश करू शकतो. पॉइंटरच्या प्रकारावरून स्थान कळत नसल्याने कंपायलरला सर्व काही एकाच पत्त्यांच्या क्षेत्रात आणणे भाग पडते. २०१२ मध्ये जीसीसीच्या ४.७ ह्या आवृत्तीत ह्या नियंत्रकांसाठी ‘फ्लॅश’ हा वेगळा स्थानवाचक शब्द दाखल झाला, ही घटना अर्थपूर्ण आहे. अधिकार सांगणारा शब्द स्थान सांगण्यास अपुरा असल्याची ती कबुलीच होय.

सारांश, ‘कॉन्स्ट’ हा आज्ञावली लिहिणाऱ्याने दिलेल्या वचनाचा वाचक आहे. ते वचन कोणत्या विभागात नांदेल, हे कंपायलर, लिंकर आणि यंत्ररचना मिळून ठरवितात. म्हणून स्मृतीचा हिशेब मांडताना शब्दावर विसंबू नये; लिंकरने सिद्ध केलेला स्मृतीचा नकाशा वाचावा.