रोगवर्गीकरण : पदार्थविज्ञान की व्याकरण?

देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री महाराष्ट्राला परिचित आहे तो ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या ग्रंथामुळे आणि त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंदिररचनेमुळे. महादेव (१२६१-१२७१) व रामचंद्र (१२७१-१३११) या राजांच्या पदरी असलेल्या या पंडिताने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली, ही गोष्ट मात्र वैद्यकाच्या अभ्यासकांपुरतीच राहिली आहे. ही टीका आज संपूर्ण उपलब्ध नाही. जो भाग उपलब्ध आहे तो अरुणदत्ताच्या ‘सर्वांगसुंदरे’सह मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने प्रसिद्ध केला. हरिशास्त्री पराडकरांनी संपादिलेली त्याची १९३९ ची आवृत्ती अभ्यासकांच्या नित्य वापरातली आहे.

या ग्रंथपरंपरेविषयी एक विधान वारंवार केले जाते. वात, पित्त व कफ यांच्या गुणांवरून रोगांचे वर्ग पाडणे म्हणजे पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र यांच्या तत्त्वांवर रोगांचे वर्गीकरण करणे होय, असे ते विधान. ते ग्राह्य धरावे की नाही, हा केवळ अभिमानाचा प्रश्न नाही. वर्गीकरणावरून निदान ठरते व निदानावरून उपचार.

विधानाला आधार नाही असे नव्हे. वाग्भटाने सांगितलेले वीस गुण म्हणजे परस्परविरोधी गुणांच्या दहा जोड्या आहेत. गुरू-लघू, शीत-उष्ण, स्निग्ध-रूक्ष, सांद्र-द्रव ही नावे वजन, तापमान, घनता यांची आठवण करून देतात. वीस प्रमेहांची नावे पाहिली तर हा भास अधिकच दृढ होतो. सांद्रमेह, शीतमेह, सिकतामेह ही नावे मूत्राच्या भौतिक स्वरूपावरून, नीलमेह व हारिद्रमेह ही वर्णावरून, तर इक्षुमेह व क्षारमेह ही रसावरून पडलेली आहेत. कफाचे दहा प्रमेह साध्य, पित्ताचे सहा याप्य आणि वाताचे चार असाध्य, असा साध्यासाध्यविचारही या वर्गीकरणाला जोडलेला आहे. निरीक्षणाची ही सूक्ष्मता कोणीही मान्य करील.

तथापि नावाचे साम्य म्हणजे संकल्पनेचे साम्य नव्हे. शेरभर उडीद आणि शेरभर मूग तराजूत सारखेच भरतात. वैद्यकात मात्र उडीद गुरू आणि मूग लघू. गाईचे दूध चुलीवर तापविले तरी त्याचे वीर्य शीतच मानले जाते. म्हणजे येथील ‘गुरू’ हा शब्द वजनाचा वाचक नाही आणि ‘शीत’ हा तापमानाचा नाही. ते शरीरावर होणाऱ्या परिणामाचे वाचक आहेत आणि त्यांचा अर्थ जोडीतील विरोधी शब्दाने निश्चित होतो. मापनाला एकक लागते. विरोधाला दुसरे पद पुरते. वीर्ये आठ मानावीत की उष्ण व शीत अशी दोनच, याविषयी वाग्भटाने दोन्ही मते नोंदविली आहेत. हा वाद कोणत्याही मापाने सुटणारा नव्हता. कमीत कमी किती पदांनी सर्व व्यवहार सांगता येईल, असे त्याचे स्वरूप होते.

हे स्वरूप व्याकरणाचे आहे. देवगिरीच्या विद्वन्मंडळात व्याकरण आणि वैद्यक एकाच घरात नांदत होते. ‘मुग्धबोध’ या व्याकरणाचा कर्ता बोपदेव हा केशव वैद्याचा पुत्र. केशवाने ‘सिद्धमंत्रा’त द्रव्यांची मांडणी त्यांच्या दोषांवरील परिणामानुसार केली आणि बोपदेवाने त्या ग्रंथावर ‘प्रकाश’ ही टीका लिहिली. एवढ्यावरून बोपदेवाच्या व्याकरणाचा वैद्यकावर प्रभाव पडला असे सिद्ध होत नाही. परंतु उत्सर्ग आणि अपवाद यांची विचारपद्धती या दोन्ही शास्त्रांना सहज होती, इतके निश्चित म्हणता येते.

‘प्रभाव’ ही संकल्पना या दृष्टीने निर्णायक आहे. रस, वीर्य आणि विपाक समान असूनही दोन द्रव्यांचे कार्य भिन्न असेल, तर तो भेद प्रभावाचा मानावा, असे वाग्भट सांगतो. चित्रक व दंती हे त्याचे उदाहरण : दोन्हींचे रसादी समान, परंतु दंती विरेचक आहे. विसंगती लपविली नाही, तिला नाव दिले, हे या परंपरेचे मोठेपण होय. परंतु येथेच तिची मर्यादाही दिसते. व्याकरणात अपवाद आला म्हणून उत्सर्ग खोटा ठरत नाही. त्याचे क्षेत्र तेवढे संकुचित होते. भौतिक शास्त्रात नियमाला छेद देणारा अनुभव आला की एक तर नियम बदलावा लागतो, नाही तर लपलेले कारण शोधावे लागते. चित्रकाच्या मुळात प्लंबॅजिन असते, तर दंतीत फॉर्बॉल वर्गाचे एस्टर असतात. ‘प्रभाव’ या शब्दापाशी जो शोध थांबला होता, तो रसायनशास्त्रात तेथूनच सुरू होतो.

पदार्थविज्ञान आणि रसायन यांच्या आधारे रोगाचा वर्ग ठरविणे म्हणजे काय, हे दात्रपेशी पांडुरोगावरून, म्हणजेच सिकलसेलवरून, स्पष्ट होते. या रोगात सांधे दुखतात, डोळे पिवळे होतात, ज्वर येतो, पायावर व्रण होतात. लक्षणांवरून पाहू गेल्यास ही दुखणी चार निरनिराळ्या प्रकरणांत विखुरतील. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युत्क्षेत्रात निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनापेक्षा वेगळ्या गतीने सरकते. पुढे व्हर्नन इंग्रॅमने या भेदाचे मूळ शोधले : बीटा शृंखलेतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. विखुरलेली लक्षणे एका कारणाखाली आली. विदर्भातील आणि नंदुरबारच्या आदिवासी भागातील रुग्णाला या वर्गीकरणाचा उपयोग प्रत्यक्ष आहे, कारण विवाहापूर्वी रक्ततपासणीने वाहकत्व कळू शकते.

अर्थात रेणूवर सर्वच भार टाकता येणार नाही. तोच बदल असलेल्या दोन रुग्णांत रोगाची तीव्रता सारखी नसते. १८८२ मध्ये कॉखने क्षयाचा जंतू दाखविला, तरी दारिद्र्य व कोंदट घरे यांच्यावाचून क्षयाचा प्रसार समजत नाही. शेष येथेही उरतोच. पण तो मोजता येतो व म्हणून पुढील प्रश्नाचे रूप घेतो.

प्रश्न शब्दांचाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अकराव्या रोगवर्गीकरणासाठी आयुर्वेद, सिद्ध व युनानी संज्ञांचा विभाग जानेवारी २०२४ मध्ये प्रकाशात आणला. अशा वेळी संज्ञांचे क्षेत्र नीट आखणे अगत्याचे ठरते. मराठीत ‘मधुमेह’ हा शब्द आज रक्तातील साखरेच्या मापावर ठरणाऱ्या रोगाला लावला जातो. वाग्भटाच्या यादीत तो असाध्य अशा चार वातज प्रमेहांपैकी एक आहे. शब्द एक, वर्ग दोन. जुना असाध्यत्वाचा शिक्का नव्या रोगावर उमटला, तर उपचाराने आटोक्यात राहणारा रुग्णही हताश होईल. उलट, नव्या मापाने जुन्या यादीला विज्ञान ठरविले, तर परीक्षेवाचूनच प्रमाणपत्र दिल्यासारखे होईल.

‘आयुर्वेदरसायना’चे मोल त्यात आधुनिक पदार्थविज्ञान शोधल्याने वाढणार नाही. तेराव्या शतकात देवगिरीला रोगांविषयी किती नेटक्या भाषेत विचार होत होता, याचा तो पुरावा आहे. त्याला त्याच्या स्वतःच्या नियमांनी वाचणे हाच त्याचा खरा सन्मान होय.