खुनी कोण, हे साऱ्या गावाला ठाऊक असतं

मागं एका शिबिरात माझ्या झोळीतून एक खुनाखुनीची कादंबरी खाली पडली. कव्हरावर पिस्तूल. एक तरुण कार्यकर्ता ती उचलून देत म्हणाला, "सर, तुम्हीसुद्धा असलं वाचता?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. उत्तर द्यायला पाहिजे होतं, ते इथं देतो.

असलं मी पोरवयापासून वाचतो. आमच्या वस्तीत पोरांना वाचायची चटक लावली ती बाबूराव अर्नाळकरांनी. फडके-खांडेकरांचा त्यात काही वाटा नाही. पुस्तक भाड्यानं आणायचं, पाच जणांनी आळीपाळीनं रात्रीत संपवायचं, सकाळी परत. झुंजार काय, काळा पहाड काय! त्या माणसानं हजारावर पुस्तकं लिहिली आणि पांढरपेशा समीक्षेनं त्याला पायरीवरच उभं ठेवलं. पायरीवर उभं राहणं म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून मी त्या पुस्तकांची बाजू घेतो. पण एक गोष्ट तेव्हाही खटकायची. शेवटच्या पानावर इन्स्पेक्टर येणार, बेड्या पडणार, जग पुन्हा सुरळीत होणार. आमच्याकडं इन्स्पेक्टर आला की पोरं पत्र्यावर चढायची आणि बाया दारं लावून घ्यायच्या. पुस्तक जिथं संपायचं तिथं आमचं सुरू व्हायचं.

हे कोडं मला उलगडलं चेस्टर हाइम्स वाचल्यावर. १९७२ साली अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन आपली पँथर उभी राहिली. रिचर्ड राइट, बाल्डविन ही नावं आपल्या तोंडी आली. हाइम्स मात्र राहून गेला. का, तर तो 'असलं' लिहायचा.

हा माणूस १९०९ चा. आईबाप शिकलेले, बाप काळ्यांच्या कॉलेजात शिकवणारा. पोरगा बिघडला. १९२८ साली दरोड्याच्या गुन्ह्यात वीस ते पंचवीस वर्षांची सजा झाली आणि ओहायोच्या तुरुंगात त्यातली साडेसात वर्षं गेली. १९३० साली त्याच तुरुंगाला आग लागली, तीनशेवर कैदी जळून-गुदमरून मेले. ते त्यानं बघितलं, आणि तुरुंगातूनच त्यावर कथा लिहिली. १९३४ साली ती 'एस्क्वायर'सारख्या बड्या मासिकात छापून आली. १९३६ ला सुटला. १९४५ आणि १९४७ साली दोन जळजळीत कादंबऱ्या दिल्या. दुसरी कामगार युनियन आणि कम्युनिस्टांवर होती. तिच्यावर डावे तुटून पडले, उजवेही तुटून पडले, काळ्यांनीही नाकं मुरडली. १९५३ साली बोटीत बसला आणि युरोप गाठला.

पॅरिसात खिसा रिकामा. मार्सेल द्युआमेल म्हणून एक संपादक गुन्हेकथांची स्वस्त मालिका चालवायचा. तो म्हणाला, आमच्यासाठी लिही. घटनेनं सुरुवात कर, पात्रांना विचार करत बसवू नको, चित्र दाखव, बोलणी तोडकी ठेव. हाइम्सनं पैशासाठी लिहिलं, आणि ते कधी लपवलं नाही. १९५८ साली त्याच्या पहिल्या हार्लेम कादंबरीला फ्रान्समधलं गुन्हेकथांचं मोठं बक्षीस मिळालं. पुढं १९६९ पर्यंत त्या मालिकेत एकूण आठ कादंबऱ्या झाल्या. दोन काळे डिटेक्टिव्ह, कबरखोद्या जोन्स आणि शवपेटीवाला एड. नावंच अशी.

आता मुद्द्यावर येतो. निषेधाची कादंबरी वाचकाला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवते. गोरा वाचक वरून बघतो, हळहळतो, पुस्तक मिटतो, जेवायला बसतो. आपल्या आत्मकथनांचं सदाशिव पेठेत हेच झालं. हाइम्सच्या गुन्हेकथेत हळहळायला फुरसतच नाही. पहिल्याच पुस्तकात जॅक्सन नावाचा भोळाभाबडा, देवभीरू गडी दहाच्या नोटा भट्टीत घालून शंभराच्या करून देणाऱ्या ठगांकडं जातो. आपल्याकडं पैशांचा पाऊस पाडणारे भोंदू आहेत, तीच जात. वाचणारा खो खो हसतो. मग हसता हसता घशात अडकतं. घामाच्या पैशानं आपलं कधीच भागणार नाही हे त्या गड्याला पक्कं कळलेलं आहे, म्हणून तर तो भट्टीवर विश्वास ठेवतो.

१९६५ ची 'कॉटन कम्स टू हार्लेम' तर प्रत्येक पुढाऱ्यानं वाचावी. एक काळा पुढारी 'चला मायदेशी आफ्रिकेला' म्हणून सत्याऐंशी गरीब कुटुंबांकडून हजार-हजार डॉलर गोळा करतो. सत्याऐंशी हजार. सगळा बनाव. ते पैसे भलतेच लोक लुटतात आणि गठडी कापसाच्या गाठीत जाते. कापूस! ज्या कापसापायी यांच्या पिढ्या गुलामीत कुजल्या. शेवटी ती गठडी एका म्हाताऱ्या भंगारवाल्याच्या हाती लागते आणि तो खरोखरच आफ्रिकेत जाऊन ऐश करतो. दोघे डिटेक्टिव्ह काय करतात? खुनात अडकलेल्या गोऱ्या कर्नलाकडून सत्याऐंशी हजार काढतात, लोकांचे पैसे लोकांना देतात, त्याला जाऊ देतात. कायद्याच्या पुस्तकात हे बसत नाही. पण कोर्टात नेला असता तर काय झालं असतं, ते दोघांनाही माहीत आहे. वर्गणीच्या पावत्या फाडणाऱ्या आपल्या काही मंडळींची ही कादंबरी वाचताना आठवण झाली. नावं घेत नाही, तुम्हीच आठवा.

१९६९ च्या 'ब्लाइंड मॅन विथ अ पिस्टल'मध्ये हाइम्सनं सगळाच खेळ मोडला. खून पडतात, उलगडा होत नाही. एक आंधळा भुयारी रेल्वेत पिस्तूल झाडतो, बाहेर दंगल. समीक्षक म्हणाले, लेखकाला कथानक सांभाळता आलं नाही. मला वाटतं, त्याला उशिरा का होईना खरं कळलं. खुनी कोण हा प्रश्न ज्यांच्या बाजूनं कायदा आहे त्यांचा.

२९ सप्टेंबर २००६. खैरलांजी, जिल्हा भंडारा. एकाच घरातली चार माणसं मारली. यात रहस्य कसलं? खुनी कोण, हे गावाला पहिल्या रात्रीच ठाऊक होतं. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सांगितली. २०१० साली हायकोर्टानं फाशीची पंचवीस वर्षांची कैद केली. पण जात? अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा दोन्ही कोर्टांत लागला नाही. 'कुणी' याचं उत्तर कागदावर आलं, 'का' याचं आलं नाही. आपली रहस्यकथा लिहायची झाली तर ती इथून लिहावी लागेल. पंचनाम्यात काय सुटलं, जबाब कुणी कसा फिरवला, कागद कुठल्या टेबलावर झोपला. ह्याच्यापुढं अगाथा ख्रिस्ती पाणी भरेल.

हाइम्सला डोक्यावर घेऊन नाचा असं मी म्हणत नाही. त्याच्या बाया बहुतेक नुसत्या अंगानं दिसतात, डोक्यानं नाही. आपल्या काही कवींना हेच औषध लागू. त्याचे डिटेक्टिव्ह आपल्याच लोकांना बदडतात, आणि लेखकाला त्यात मजा येते की लाज वाटते हे कधीकधी कळतच नाही. शिवाय हार्लेममध्ये तो फारसा राहिलेला नव्हता. युरोपात बसून ते रचलं, निदान पुस्तकात तरी ते गोऱ्याच्या हातून काढून घ्यावं म्हणून. हे मला पटतं आणि पटतही नाही. 'प्लॅन बी' ही शेवटची कादंबरी अर्धवट राहिली, १९८३ साली फ्रेंचमध्ये निघाली, पुढच्या वर्षी तो गेला. तिच्यात कबरखोद्या आपल्याच जोडीदाराला गोळी घालतो, मग स्वतःही मरतो. कायद्याचा काळा शिपाई पुढं कुठं न्यावा, ते लेखकालाही सुचलं नाही.

मी स्वतः एक लिहायला घेतलीय. हवालदार आपल्यातलाच, बुद्धविहारात जाणारा. चाळीस पानं झालीत. खून झालेल्या गावात तो पंचनाम्याला जातो आणि पंच म्हणून सही करायला एक माणूस पुढं येत नाही. तिथं अडलोय. कुणी अशा केसमागं कोर्टाच्या खेपा घातल्या असतील तर अंकाच्या पत्त्यावर कार्ड टाका, मी येऊन भेटतो. जय भीम.