बंद गाडीतली माणसं : ‘स्नोपिअर्सर’ आपण का बघावा

(डोंबिवलीत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

विज्ञानपटांवर बोलायचं ठरलं तेव्हा एक प्रश्न हमखास येणार हे मला ठाऊक होतं : एकच सिनेमा सुचवायचा तर कुठला? ‘ब्लेड रनर’, ‘मॅट्रिक्स’ ही नावं तुम्ही ऐकलेली आहेत. पण ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या माणसाला मी आधी ‘स्नोपिअर्सर’ बघायला सांगेन. कारण साधं आहे. तो जवळजवळ सगळा सिनेमा रेल्वेगाडीत घडतो, आणि गाडी या विषयात तुम्हाला कुणी काही शिकवायची गरज नाही. (हशा)

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी आली ती ठाण्यालाच. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. आपली गावं वाढली ती गाडीच्या टायमिंगवर. त्यामुळे हा सिनेमा आपण बघू तसा सगळीकडचा प्रेक्षक बघणार नाही.

थोडी माहिती देतो. दिग्दर्शक बोंग जून-हो, दक्षिण कोरियाचे. ‘पॅरासाइट’ला ऑस्कर मिळालं, तेच. ‘स्नोपिअर्सर’ त्याआधीचा, २०१३चा, आणि बराचसा इंग्रजीत आहे. मुळात ही एक फ्रेंच चित्रकादंबरी. गोष्ट अशी : पृथ्वीचं तापमान वाढतंय म्हणून वातावरणात एक रसायन फवारतात. उपाय नको इतका लागू पडतो आणि सगळं जग गोठतं. जगतात ती फक्त एका गाडीतली माणसं. ही गाडी वर्षात जगाला एक फेरी घालते आणि कधीच थांबत नाही. पुढच्या डब्यांत तिकीट काढून बसलेले श्रीमंत, आणि अगदी शेपटाला ऐनवेळी घुसलेले गोरगरीब. अशी सतरा वर्षं गेलेली आहेत. आता शेपटातले लोक पुढे इंजिनापर्यंत जायचं ठरवतात. एकेक दार, एकेक डबा.

इथे डोंबिवलीकर पहिला प्रश्न विचारणार : सतरा वर्षांत एकही मेगाब्लॉक नाही? (हशा) बरोबर आहे. रूळ कोण सांभाळतं, इंजिन नेमकं कशावर चालतं, याची उत्तरं सिनेमा देत नाही. विज्ञान म्हणून तो लंगडा आहे. पण डिस्टोपिया, म्हणजे आदर्श राज्याच्या नेमकं उलटं चित्र, हा भविष्याचा अंदाज कधीच नसतो. आज जे आहे ते थोडं ताणून दाखवायचं, एवढंच त्याचं काम. बोंग यांनी काय ताणलं, तर डब्यांची वर्गवारी.

शेपटात जेवायला मिळते एक काळी, थुलथुलीत वडी. पुढे भाजीपाल्याची बाग आहे, मत्स्यालय आहे, शाळा आहे, नाचगाण्याचा डबा आहे. मत्स्यालयातले मासे वर्षात दोनदाच खायचे, म्हणजे संख्येचा तोल बिघडत नाही. हा ‘तोल’ शब्द लक्षात ठेवा. गाडीत जे जे क्रूर घडतं ते सगळं या तोलाच्या नावावर घडतं. टिल्डा स्विंटननं मंत्रीणबाईंचं काम केलंय. ती शेपटातल्या लोकांना बूट दाखवून समजावते, की टोपीची जागा डोक्यावर, बुटाची पायात, आणि तुम्ही बूट आहात. ती हे चिडून सांगत नाही, शाळेतल्या बाईंसारखं समजुतीनं सांगते. म्हणून जास्त अंगावर येतं.

आता आपल्याकडे या. एका पार्टिशनपलीकडे फर्स्ट क्लास, हे आपण रोज बघतो. ऑगस्ट २०२२मध्ये कळवा-बदलापूरच्या प्रवाशांनी एसी लोकलविरुद्ध आंदोलन केलं, कारण साध्या गाडीच्या जागी एसी गाडी आली की साध्या पासवाल्याची गाडी गेली. मध्य रेल्वेला वाढवलेल्या दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. हा झाला वर्गाचा झगडा. पण रोजचा झगडा कुणाशी असतो? कर्जत-बदलापूरहून आलेल्या गाडीत डोंबिवलीचा माणूस चढायला लागला, की दारातले म्हणतात, तुमच्या डोंबिवली लोकलनं जा ना. उलटा कल्याणला जाऊन जागा पकडून येणारा आणि डोंबिवलीत चढून उभा राहणारा, यांची तू-तू मैं-मैं. चौथ्या सीटवरून होणारी भांडणं. भांडण नेहमी शेजाऱ्याशी. गाड्या किती, कुणासाठी, हे ठरवणारा त्या डब्यात नसतोच.

म्हणून मला ‘डोंबिवली फास्ट’ची आठवण होते. निशिकांत कामत यांचा २००५चा सिनेमा. संदीप कुलकर्णींनी केलेला माधव आपटे आपण विसरलेलो नाही. आपटे सज्जन आहे, आणि त्याचा संताप खरा आहे. पण त्याची बॅट उठते ती समोर सापडेल त्या माणसावर. तो एकटा पडतो आणि संपतो. गाडी दुसऱ्या दिवशी वेळेवर सुटते. ‘स्नोपिअर्सर’ इथून एक पाऊल पुढे जातो. पुढच्या डब्यात जाऊन बसलो की प्रश्न सुटतो का, की फक्त बसणारा बदलतो, हे तो विचारतो.

बोंग यांनी हे चित्रभाषेत बसवलंय. पडद्याच्या डावीकडे शेपूट, उजवीकडे इंजिन. सगळी झटापट डावीकडून उजवीकडे. पण एक माणूस आहे, कुलपं-दारं जाणणारा. साँग कांग-हो या नटानं ती भूमिका केली आहे. तो पुढे बघतच नाही. तो खिडकीबाहेर आणि बाजूच्या दाराकडे बघतो. यापुढचं मी सांगणार नाही.

मात्र या दारापाशी आपण आणि हा सिनेमा वेगळे होतो, हेही म्हटलं पाहिजे. तिथे बंद दार म्हणजे कैद. आपल्याकडे उघडं दार म्हणजे मरण. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ काय झालं ते तुमच्यापैकी अनेकांनी जवळून अनुभवलंय. दोन लोकल एकमेकींना ओलांडताना दारात लटकलेली माणसं पडली, काहींचा जीव गेला. मग रेल्वेनं आपोआप बंद होणाऱ्या दारांच्या गाड्या आणायचं जाहीर केलं. दारं हवीतच. पण आत जागाच नसेल, तर दार लावून घेणं म्हणजे बाहेर राहिलेल्याला फलाटावरच सोडणं. सिनेमातलं रूपक जसंच्या तसं उचलून इथे लावलं, तर हा प्रश्न निसटतो.

उणिवाही आहेत. शेवटाकडे नायकाचं कबुलीचं भाषण लांबतं. शेपटातल्या बायकांच्या वाट्याला फारसं काही येत नाही. आणि कुऱ्हाडींच्या मारामारीचा प्रसंग इतका रक्तबंबाळ आहे, की लहान मुलांना घेऊन बसू नका. याच नावाची मालिकाही आहे. पण आधी सिनेमा बघा. डब्यांचे सेट हलत्या चौकटीवर उभारले होते, त्यामुळे उभ्या माणसांच्या पायांकडे लक्ष द्या. तोल सांभाळायची ती सवय तुम्हाला लगेच ओळखू येईल.

आणि बघून झाल्यावर एकच करा. उद्या सकाळी ८च्या सुमाराला फलाटावर शेजारचा माणूस धक्का देईल, तेव्हा त्याच्यावर चिडण्याआधी क्षणभर विचार करा, की आपल्या दोघांना इतक्या कमी जागेत उभं कुणी केलं. उत्तर डब्यात सापडणार नाही. पण प्रश्न तरी योग्य माणसाला विचारला जाईल.